ऑपरेशन मोफत झाले, आता आमची सिस्टर परत द्या

प्रति,
विदर्भात हृदयशस्त्रक्रिया करणाऱ्या सर्व सरकारी, धर्मादाय व खासगी रुग्णालयांचे अधिष्ठाता, विश्वस्त आणि व्यवस्थापक,
तसेच नर्सची पदे कुठे ठेवायची आणि कुठून काढायची हे ठरवणारे सर्व अधिकारी

विषय : हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांना सोबत करणाऱ्या नर्सचे काम बंद केल्याबाबत

महोदय / महोदया,

नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात हार्टच्या ऑपरेशनच्या पेशंटसाठी एक सिस्टर वेगळी नेमलेली होती. ऑपरेशन ठरल्यापासून घरी गेल्यावर पुढे कित्येक महिने पेशंटशी आणि त्याच्या माणसांशी बोलत राहायचे, कागद समजावायचे, गोळ्या समजावायच्या, फोन उचलायचा, हेच तिचे काम. यंदा तिला परत वॉर्डात पाठवले. वॉर्डात नर्स कमी आहेत, हे कारण सांगितले गेले. तिचा नंबर आता लागत नाही. खिडकीवर विचारले तर 'ओपीडीत दाखवा' एवढेच उत्तर मिळते.

दवाखान्याचे नाव मी लिहीत नाही. माझ्या बहिणीला जन्मभर तिथेच तपासणीला जायचे आहे. सिस्टरचेही लिहीत नाही, तिला नोकरी करायची आहे. शिवाय हा प्रश्न एका इमारतीचा नाही. माझ्या ओळखीतले जे पेशंट दुसऱ्या दवाखान्यांत गेले, त्यांना अशी सिस्टर मुळात भेटलीच नव्हती. म्हणून हे पत्र सगळ्यांना, आणि उघड.

मी नागभीड तालुक्यात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डात नाव, पीकविमा, आयुष्मान कार्ड, ही माझी रोजची भाकर आहे. सरकारी कागदाला मी भीत नाही. तरीही बहिणीच्या ऑपरेशनच्या वेळी मोठ्या दवाखान्याच्या दारात मी गोंधळून गेलो. मग जो माणूस धानाच्या बांधीतून सरळ उठून नागपूरला जातो, त्याचे काय होत असेल याचा विचार तुम्हीच करा.

बहिणीची बिमारी आमच्या भागात नवी नाही. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, मग गुडघे, घोटे सुजायचे. घरच्यांनी 'वात आहे' म्हणून तेल चोळले. पाच ते पंधरा वर्षांच्या वयात येणारा हा संधिवाताचा ताप सांधे सोडून जातो, पण हृदयाच्या झडपा धरून ठेवतो, हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार? शाळेत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला, तोवर तिची शाळा संपली होती. बाळंतपणात धाप लागली, तेव्हा रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. पुढे रोवणीच्या दिवसांत ती चिखलातच खाली बसली, तेव्हा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि डाव्या बाजूची झडप आवळून गेल्याचे कळले.

ऑपरेशनचा पैसा आम्हाला लागला नाही, हे आधी मान्य करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे आमच्यासारख्यांवरचे मोठे उपकार आहेत. २ जुलै २०१२ रोजी ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने ८ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. आता १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. सर्जनबद्दलही माझी तक्रार नाही. बहीण चालते, बोलते, मुलीला शाळेत सोडते. ज्या गोष्टीने तिला जिवंत ठेवले त्यात ऑपरेशन किती आणि त्या सिस्टरचे बोलणे किती, हे मात्र मला वेगळे करून सांगता येणार नाही. आणि तुम्ही नेमके तेच वेगळे केले. ऑपरेशन ठेवले, सिस्टर काढली.

आता तक्रारी सांगतो.

पहिली तक्रार निर्णयाची. आवळलेल्या झडपेच्या जागी कृत्रिम झडप, म्हणजे वॉल्व्ह, बसवायचा होता. ऑपरेशनच्या आधी आम्हाला विचारले गेले, 'मेटलचा वॉल्व्ह की टिश्यूचा?' विचारणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्या मागे पेशंटची रांग होती. आम्ही तिघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्या दिवशी सिस्टरने आम्हाला जिन्याजवळच्या बाकावर बसवले आणि समजावले. मेटलचा खूप वर्षे टिकतो, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर चुकवायची नाही आणि रक्त तपासत राहायचे. जनावराच्या ऊतीपासून केलेल्या टिश्यू वॉल्व्हला ती जन्मभराची गोळी साधारणपणे लागत नाही, पण तो झिजतो, तरुण माणसात लवकर झिजतो आणि पुन्हा छाती उघडायची वेळ येऊ शकते. मग तिने मला आणि जावईबापूंना बाहेर चहाला पाठवले आणि बहिणीला एकटीला विचारले, 'ताई, अजून लेकरू पाहिजे का?' कारण ती गोळी सुरू असताना दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकते, आणि दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे लागते. हा प्रश्न आमच्यासमोर बहिणीने कधी तोंडातून काढला नसता. आम्हीही विचारला नसता. निर्णय तिने घेतला, सही तिने केली, आणि कशावर सही करतो आहोत ते तिला माहीत होते. आता त्याच बाकावर बसलेल्या बायांना हा प्रश्न कोण विचारते?

त्याच बैठकीत तिने सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणाऱ्या, घराण्यातून येणाऱ्या आजाराचे, कार्ड मागितले. पूर्व विदर्भात सिकलसेल किती आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑपरेशनच्या वेळी रक्त यंत्रातून फिरते, शरीर थंड केले जाते, आणि सिकलसेल असलेल्याला थंडी आणि कमी प्राणवायू दोन्ही बाधतात. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी कळायला हवे. तपासणी तुम्ही करालही. पण घरात कुणाला आहे, आत्याच्या मुलीला आहे का, हे विचारायला आमच्या भागातली माणसे ओळखणारी बाई लागते. किडलेले दात आधी दाखवून घ्या, दातातले जंतू नव्या वॉल्व्हवर बसतात, हेही तिनेच सांगितले.

दुसरी तक्रार डिस्चार्जच्या कागदाची. तो इंग्रजीत असतो. मी वाचू शकतो, तरी मला कळला नाही. अ‍ॅसिट्रॉम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवस दोन मिलिग्रॅम, एक दिवस तीन, असे काहीतरी आखूड अक्षरांत लिहिले होते. गोळी एकाच नावाची, पण वेगवेगळ्या ताकदीची मिळते. गावातल्या मेडिकलवाल्याकडे दोनची नसली की तो चारची देतो आणि 'अर्धी खा' म्हणतो. सिस्टरने कॅलेंडरवर सोमवारपासून रविवारपर्यंत गोळीचा आकडा लिहून दिला. आमच्या घरात ते कॅलेंडर देवाच्या फोटोशेजारी टांगले आहे. शेजारच्या काकांना असे कॅलेंडर मिळाले नाही. ते दुसरीकडून बायपास करून आले आणि घरी आल्या आल्या तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला बसले. त्यांच्या कागदावर 'स्टॉप टोबॅको' असे इंग्रजीत छापलेले होते. अ‍ॅस्पिरिनचा पत्ता संपला तेव्हा 'आता तं काही दुखत नाही' म्हणून त्यांनी तीही बंद केली. काकांना हट्टी म्हणणे सोपे आहे. त्यांच्या भाषेत त्यांना कुणी काही सांगितलेच नव्हते.

तिसरी आणि माझ्या मते सर्वांत मोठी तक्रार घरी आल्यानंतरची. तुमच्यासाठी पेशंट डिस्चार्जला सुटतो, आमच्यासाठी तिथून सुरू होतो.

बहिणीच्या छातीत टिकटिक ऐकू यायची. रात्री शांत झाले की जास्तच. ती घाबरून म्हणाली, 'दादा, माह्या छातीत घड्याळ बसवलं का?' सिस्टरला फोन केला, ती हसली आणि म्हणाली, 'आवाज येतो तेच चांगलं आहे. आवाज बदलला, दबला, तर लगेच निघा.' एका वाक्यात घरातली भीतीही गेली आणि धोक्याची खूणही कळली. अशा फोनला तुमच्या रजिस्टरमध्ये कोणता रकाना आहे?

मग आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा. डाव्या बाजूच्या त्या झडपेला मेटलचा वॉल्व्ह असेल तर तो आकडा साधारण २.५ ते ३.५ मध्ये राहायला हवा. खाली गेला तर वॉल्व्हवर रक्ताची गाठ बसून तो अडकतो किंवा गाठ मेंदूत जाते. वर गेला तर रक्तस्राव होतो. आकडा काढायला आम्हाला शंभरावर किलोमीटर जावे लागते. नागभीड–नागपूर नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, तेव्हापासून भिवापूर, उमरेड करत एसटीने जायचे नाही तर गाडी भाड्याने करायची. खासगी लॅबमध्ये रक्त दिले तर कागद हातात मिळतो, पण त्यावरून गोळी वाढवायची की कमी करायची, हे लॅबवाला सांगत नाही आणि सांगूही नये. आम्ही तो कागद व्हॉट्सअ‍ॅपवर सिस्टरला पाठवायचो. ती डॉक्टरांना दाखवून त्याच दिवशी उत्तर द्यायची. सोबत प्रश्न विचारायची. मध्ये ताप आला होता का? कुणी दुसरी गोळी दिली का? भाजी कोणती खाता?

भाजीचे खास सांगतो. 'हिरव्या भाज्या बंद' असे सांगून मोकळे होणारे पुष्कळ भेटले. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, पावसाळ्यात माणूस तरोटा, अंबाडी, चिवळ खाणार नाही तर काय खाणार? सिस्टरचे म्हणणे, खा, पण दर आठवड्याला साधारण सारखी खा. उन्हाळाभर काहीच नाही आणि पाऊस पडल्यावर रोज ताटभर, असे केले की त्या भाजीतले के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करते आणि आकडा खाली येतो. म्हणून पावसाळा सुरू झाला की एक तपासणी आधी करायची. हे तिला आमच्या ताटाबद्दल विचारल्यामुळे सुचले.

वजनाचेही तसेच. कागदावर लिहितात, 'जड वजन उचलू नये.' जड म्हणजे किती? आमच्याकडे भरलेली घागर कुणी जड समजत नाही. सिस्टरने विचारले, पाणी कुठून आणता, घरात दुसरी बाई कोण आहे, रोवणी कधी आहे. छातीचे हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुढेही जपावे लागते, म्हणून यंदा बांधीत उतरायचे नाही, हे तिने सासूबाईंना फोनवर स्वतः सांगितले. आम्ही माहेरच्यांनी सांगितले असते तर भांडण झाले असते. सिस्टरचे मात्र त्यांनी ऐकले.

चौथी तक्रार गावातल्या इलाजाची. इथे तुम्ही आणि गाव यांच्यामध्ये कुणीच उभे नाही. अंग दुखले की इथे कमरेत डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे इंजेक्शन मिळते. रक्त पातळ असलेल्या माणसाला ते घातक ठरू शकते. दात काढायचा तर कुणी गोळी परस्पर बंद करायला सांगतो. ताप आला की रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी, न करता अँटिबायोटिक सुरू होते आणि वॉल्व्हवर जंतू बसले असतील तर मग ते सापडत नाहीत. त्यात बहिणीच्या बिमारीची एक वेगळीच अडचण. मूळ ताप परत येऊ नये म्हणून तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे असते. वॉल्व्ह बदलला म्हणून ते आपोआप संपत नाही. एकीकडे म्हणता स्नायूत इंजेक्शन घेऊ नका, दुसरीकडे हे इंजेक्शन स्नायूतच द्यायचे! कुणाला डॉक्टर आकडा पाहून इंजेक्शन देतात, कुणाला तोंडाने गोळ्या देतात. ठरवायचे डॉक्टरांनीच. पण ठरलेले आमच्या आरोग्य केंद्रापर्यंत कोण पोहोचवणार? तेव्हा सिस्टरने उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमना फोन केला होता. आज मॅडम मलाच विचारतात, 'भाऊ, नागपूरवाले काय म्हणतात?' मी दाखले काढून देणारा माणूस, मी काय सांगू?

पाचवी तक्रार पैशाची, थोडक्यात सांगतो. योजनेच्या पॅकेजात डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे येतात. योजना आली तेव्हा ९७२ उपचारांसोबत १२१ पाठपुरावा पॅकेजेसही जाहीर झाली होती. आमचे ऑपरेशन त्यात बसते का, पुढच्या तपासण्या त्यातून होतील का, हे आम्हाला कुणी आपणहून सांगितले नाही. योजनेच्या खिडकीवरचा आरोग्यमित्र भला माणूस होता, पण त्याचे काम नोंदणी आणि मंजुरीचे. 'नाकातून थोडं रक्त आलं, काय करू?' याचे उत्तर त्याने द्यावे ही अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करणारी आहे.

वॉर्डात नर्स कमी आहेत, हे तुमचे कारण खोटे नाही. रात्रपाळीत एकेक सिस्टर किती खाटा सांभाळते ते मी पाहिले आहे. पण मग पदे भरा. ऑपरेशन थिएटरमध्ये माणूस कमी पडला तर तुम्ही ऑपरेशन अर्धे करून सोडत नाही. या सिस्टरचे काम हा उपचाराचाच भाग आहे, चौकशीची खिडकी नव्हे, हे तुम्ही मान्य केले नाही म्हणून तुटवडा आला की पहिली तीच उचलली जाते.

कुणी सुचवले की यासाठी अ‍ॅप काढू. मी दिवसभर अ‍ॅप आणि पोर्टलच चालवतो. सर्व्हर डाऊन असताना माझ्या दुकानासमोर बसलेली माणसे एकदा येऊन पाहा, मग बोलू.

ही कल्पनाही माझी नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये डॉ. हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये गरीब कॅन्सर रुग्णांना हात धरून उपचारापर्यंत नेणारी माणसे नेमली. मुंबईच्या टाटा मेमोरियलने कॅन्सरच्या रुग्णांसाठी 'केवट' नावाने अशीच माणसे तयार केली. हृदयासाठी तर शिकलेल्या नर्स आहेतच. भारतीय परिचर्या परिषदेचा कार्डिओथोरॅसिक नर्सिंगचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो करून आलेल्या सिस्टरला बदलीच्या चक्रात कुठल्याही वॉर्डात फिरवणे ही उधळपट्टी आहे.

आमच्या मागण्या अशा.

हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात या कामासाठी नर्सचे वेगळे, मंजूर पद ठेवा. वॉर्डातून उसनी घेतलेली नर्स नको, आणि ती रजेवर असेल तेव्हा तिच्या जागी कोण, हेही ठरवा. जिथे हे काम सुरू होते तिथे ते आधी सुरू करा. तिच्या पगाराची सोय योजनेच्या पॅकेजातून व्हावी, यासाठी रुग्णालयांनी शासनाकडे लेखी मागणी करावी. ती मागणी केली की नाही, तेही आम्हाला कळावे.

एक फोन नंबर द्या, जो सिस्टर बदलली तरी बदलणार नाही. रात्री तो हृदयरुग्णांच्या आयसीयूत वाजला पाहिजे.

डिस्चार्जचा कागद मराठीत द्या. मेळघाटातला पेशंट असेल तर कोरकूत आणि गडचिरोलीचा असेल तर माडिया-गोंडीत समजावून सांगणारे माणूस शोधा. त्या कागदावर गोळीची ताकद, कोणत्या वारी किती, आयएनआरचा आकडा कोणत्या मर्यादेत हवा, पुढची तपासणी कधी, कोणती वेदनाशामके घ्यायची नाहीत आणि कोणत्या खुणा दिसल्या की लगेच १०८ ला फोन करायचा, एवढे तरी ठळक असावे. घरी पाठवण्याआधी पेशंटकडून ते उलट वदवून घ्या. 'समजलं का?' असे विचारले तर आमची माणसे 'हो जी' म्हणणारच, ते धरून चालू नका.

आयएनआरची तपासणी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मोफत करा. बोटाच्या थेंबावर आकडा सांगणारी यंत्रे मिळतात. तो आकडा त्याच दिवशी या सिस्टरकडे जावा आणि डॉक्टरांनी ठरवलेला डोस त्याच दिवशी परत यावा.

डिस्चार्जच्या दिवशी गावच्या आशाताई आणि उपकेंद्राच्या अधिकाऱ्यांना सिस्टरचा फोन गेला पाहिजे. पेनिसिलिनचे काय ठरले ते त्यांना लेखी कळवा.

आणि पाठपुरावा पॅकेज कोणत्या ऑपरेशनला लागू आहे, कोणत्या नाही, याची यादी ओपीडीच्या भिंतीवर लावा.

या पत्राचे उत्तर माझ्या एकट्याच्या नावे पाठवू नका. मराठीत लिहा, खाली तारीख आणि हुद्दा टाका, आणि योजनेच्या खिडकीशेजारच्या फलकावर लावा. पुढच्या तपासणीला बहिणीला घेऊन येईन तेव्हा तिथे वाचतो.

आपला,
एका वॉल्व्हच्या पेशंटचा भाऊ
तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर